काहिलीतलं कालवण

आमच्या घरात मासळी शिजते ती अंगणात. तिची चूल वेगळी, तवा वेगळा, पळी वेगळी, आणि ही सगळी भांडी गोठ्यामागच्या कपाटात राहतात, घरात येत नाहीत. कारण माझे सासरे, आमचे आप्पा, माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून त्यांनी मांस-मासळीला हात लावलेला नाही. मी लग्न होऊन मांडवगणला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला ही हद्द समजावून सांगितली. त्या स्वतः मात्र मासळीच्या भारी शौकीन. अंगणातल्या चुलीपुढं बसून, खोबरं-कांदा भाजून, काळा मसाला घालून त्या चिलापीचं असं कालवण करायच्या, की आळीतल्या बाया उगाच काहीतरी मागायला यायच्या. आणि गंमत अशी, की आप्पांचं काहीतरी काम त्याच दिवशी नेमकं अंगणात निघायचं. कासरा वळायचा, खुरप्याची मूठ बसवायची, काहीही. चुलीकडं पाठ करून ते बसायचे आणि दोघं नवरा-बायको निवांत गप्पा मारायचे. एरवी आमच्या घरात दोघांना बोलायला सवड कुठली!

ते कालवण मला सासूबाईंनीच शिकवलं. त्या जाऊन आता काही वर्षं झाली. मसाला अजून त्यांच्याच हिशेबाने होतो, त्यात मी माझी अक्कल चालवत नाही. बाकी सगळीकडे चालवते.

बोट हे माझ्या नवऱ्याचं खूळ. तो सणसवाडीला एका कारखान्यात फायबरचं काम करतो. मोबाईलवर परदेशातल्या शिडाच्या बोटी बघून बघून त्याला वाटायला लागलं, की यात अवघड काय आहे? मग दोन उन्हाळे आमचा ट्रॅक्टर उन्हात आणि बोट शेडमध्ये. डोलकाठीला ॲल्युमिनियमचा पाइप मिळाला, पण शिडाला कापड मिळेना. शेवटी गावातल्या मांडववाल्याकडचं जुनं कापड आणलं, गुलाबी आणि पिवळ्या पट्ट्यांचं. त्यानेच ते शिवून दिलं आणि हाताच्या सवयीने खालून झालरही लावली. ती काढायला आजवर कुणाला वेळ झालेला नाही. त्यामुळे आमची बोट लांबून लग्नाला निघाल्यासारखी दिसते, आणि आप्पा शिडाला शीड म्हणतच नाहीत. "मांडव सोडा", "मांडव गुंडाळा", असं आमच्यात चालतं.

सुकाणू आप्पांकडं. तरुणपणी घोड नदीला पूर आला की गूळ कढवायच्या भल्यामोठ्या कढईत, काहिलीत बसून त्यांनी माणसं अलीकडची पलीकडं केलेली. त्या जोरावर त्यांनी पहिल्याच दिवशी नवऱ्याला सुकाणूवरून उठवलं आणि परत बसू दिलं नाही. नवरा शीड सांभाळतो. मुलगी सातवीत आहे. गळाला पिठाची गोळी लावून ती बोटीच्या पुढच्या टोकाला बसली, की तिला आईची हाक ऐकू येत नाही. धरणाच्या पाण्यात जाळी टाकायचा हक्क मच्छीमारांचा. आम्ही आपले गळवाले. घावलं तर कालवण, नाहीतर पिठलं.

गेल्या फेब्रुवारीत बारावीच्या परीक्षेचं केंद्र म्हणून मुलीची शाळा बंद होती आणि नवऱ्याची रजा शिल्लक होती. चार-पाच दिवस बोटीवरच राहायचं, दौंडच्या खाली जिथं भीमा फुगत जाऊन धरणाचं पाणी लागतं तिथून खाली उतरायचं, असा बेत ठरला. पण त्याच्या आधी घरात एक भानगड झाली होती, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

झालं असं, की नवऱ्याने एका रविवारी हौसेने भांडी घासली आणि हौसेनेच मासळीची पळी आत आणून टांगली. रात्री मी त्याच पळीने आप्पांना आमटी वाढली. दोन घास खाल्ल्यावर त्यांना शंका आली. त्यांनी पळी पाहिली, ताटाला नमस्कार केला आणि उठले. कुणाला एक शब्द बोलले नाहीत. तेच वाईट. बोलले असते तर मी चार शब्द बोलले असते आणि मोकळं झालं असतं.

ही बातमी वरवंडला पोचली. वरवंडला माझी नणंद दिलेली आहे, नवऱ्याची धाकटी बहीण. तिचं सगळं घर शाकाहारी, कांदा-लसूणसुद्धा जपून. दुसऱ्या दिवशी ती दारात हजर.

"वैनी, मी भांडायला आले न्हाई," ती म्हणाली. ती असं म्हणते तेव्हा भांडायलाच आलेली असते. "पर माझ्या बापाची ह्या वयात आबाळ व्हायला नको. आमच्याकडं मोकळी खोली हाय. आप्पांना कायमचं तिकडंच राहू द्या."

"वन्सं, एकदा चूक झाली. तीबी तुमच्या भावाची."

"एकदा झाली म्हंजी पुन्यांदा हुणारच की."

आप्पा ओट्यावर ऐकत बसले होते. नणंदेनं त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "बोटीवरनं येऊ दे. मग काय ते सांगतो."

मला झोप येईना. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. सासरी आल्यावर माझ्या फटकळ तोंडाला पहिलं कोण हसलं असेल तर आप्पा. बाकीचे अवाक् होऊन बघत होते, हे उपरण्यात तोंड लपवून हसत होते. ट्रॅक्टर चालवायला त्यांनी मला शिकवलं, आणि मी बांध फोडला तेव्हा तो बैलांनी फोडला असं गावाला सांगितलं. तेव्हा आमच्याकडं बैल नव्हते. हा माणूस घरातून गेला तर मी कुणाशी भांडू? नवऱ्याशी भांडण्यात काही राम नाही, तो लगेच कबूल होतो.

म्हणून मी जाहीर केलं, की या खेपेला मासळी बंद. धरायचे, बघायचे आणि सोडून द्यायचे. मुलीनं भोकाडच पसरलं. पण खरं अडवलं ते आप्पांनी.

"मासं धराया जायचं आन् मासं खायचं न्हाई? मग बोट कशापायी न्यायची? पोरीच्या तोंडचा घास काढून मला पुण्य न्हाई लागायचं. शिजवा. फकस्त रीत पाळा."

रीत म्हणजे अंगणातली चूल. पण बोटीला अंगण कुठून आणायचं? इकडून तिकडं सहा पावलं टाकली की बोट संपली. मी दोन दिवस डोकं धरून बसले. अखेर नवऱ्याच्या डोक्यात आलं. शेजारच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळात एक जुनी काहील पालथी पडली होती. तिचं भोक त्याने वेल्डिंग करून बुजवलं, कडीला नायलॉनची लांब दोरी बांधली आणि म्हणाला, "हे घे अंगण. बोटीच्या मागं बांधून नेऊ." शेगडी, तवा, मासळीची सगळी भांडी काहिलीत. आप्पांची भांडी आणि छोटा गॅस बोटीत. मधे दहा-बारा हात पाणी. सोवळं यापेक्षा कडक कुठं असणार? मी इतकी खूश झाले, की नवऱ्याला त्याच्या तोंडावर हुशार म्हणाले.

काहिलीत बसून स्वयंपाक करणं हे काही खायचं काम नाही. ती सरळ चालत नाही, गोल गोल फिरायला बघते. कांदा चिरायला घेतला तेव्हा तोंड दौंडकडं असायचं, चिरून होईपर्यंत सोलापूरकडं. पण अंगात लाइफ जॅकेट होतं, पोहायला मी घोडमध्येच शिकलेली, आणि मुलीनं पहिल्याच सकाळी तीन चांगल्या चिलाप्या काढून दिल्या होत्या. मी गाणं म्हणत मसाला परतला. आप्पांनी आपण होऊन नियम केला होता, की शेगडी पेटली की ते मागं वळून बघणार नाहीत. पाठ माझ्याकडं, नजर पुढं, हात सुकाणूवर.

आणि मग मी पाहिलं, की काहिलीतला धूर सरळ त्यांच्या डोक्यावरून चाललाय.

आमच्या कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. घरी आम्ही चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडतो, म्हणजे वास घरात येत नाही. इथं वारा मागून, बोट वाऱ्याबरोबर पळतेय आणि चूल मागं. म्हणजे तळलेल्या चिलापीचा सगळा दरवळ गोळा होऊन आप्पांच्या नाकात, आणि तिथून मांडवात साठायला. शरमेनं माझ्या हातातलं मोठं उलथणं गळायचं बाकी होतं.

"अहो!" मी ओरडले. "वास आप्पांकडं चाललाय!"

नवऱ्याने हवा बघितली, कपाळावर हात मारला आणि शीड फिरवलं. "आप्पा, बोटीचं नाक उजव्या हाताला घ्या. वारा आडवा घेऊ." बोट आडवी चालायला लागली, धूर बाजूने पाण्यावर निघून गेला आणि माझा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून आमची वाट कालवणावर ठरायला लागली. सकाळी जायचं तिकडं जायचं, आणि शेगडी पेटली की वारा आडवा घ्यायचा, मग बोट भलत्याच काठाला जाऊन लागली तरी चालेल.

पण एक विचित्र व्हायला लागलं. आडवा वारा धरलेला असायचा, मी मसाला टाकायचे, आणि थोड्या वेळाने बघावं तर बोटीचं नाक हळूहळू परत वळलेलं, धूर परत आप्पांच्या अंगावर. नवरा सांगायचा, "आप्पा, उजवीकडं." आप्पा म्हणायचे, "व्हय व्हय," आणि वळवायचे. कालवणाला उकळी फुटेपर्यंत पुन्हा तेच.

"वारा फिरतोय," आप्पा म्हणायचे.

वारा कुठंच फिरत नव्हता. दूरवर उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग वाऱ्याकडं तोंड करून उभी होती, ती तसूभर हलली नव्हती. मी आणि नवऱ्यानं एकमेकांकडं बघितलं. संध्याकाळी आप्पा काठावर हरिपाठ म्हणत बसले असताना नवरा हळूच म्हणाला, "हाताला जोर राहिला न्हाई गं त्यांच्या. सुकाणू धरवत न्हाई." मला गलबलून आलं. त्यांच्या हातून सुकाणू काढून घ्यायचं कुणाच्याने होणार? आणि न काढावं तर रोज वासात बसवायचं. वर हे सगळं वरवंडला गेल्यावर नणंदेला कळणार. माझ्या डोळ्यापुढं आप्पांची भरलेली पिशवी दिसायला लागली.

तिसऱ्या दिवशी मुलीच्या गळाला रोहू लागला. रोहू म्हणजे काय, ढोलकीएवढं धूड. तिची आणि तिच्या बापाची पुढच्या टोकाला झटापट चालली. मी काहिलीत आधीच्या चिलाप्यांचे तुकडे तळत होते. तवा तापून लाल झाला, तो उतरवून मी शेगडीवर कालवण चढवलं आणि तवा काठाशी टेकवला. नेमका दोरीवर. नायलॉन वितळताना आवाज करत नाही. मला कळलं ते काहील एकदम गर्रकन फिरली तेव्हा. मी मान वर केली. बोट पुढं चालली होती, मांडव फुगवून, झालर उडवत. माझ्या आणि तिच्या मधलं पाणी वाढत होतं.

"आप्पा!" मी हाक मारली. आप्पा ताठ बसलेले, पाठ माझ्याकडं.

"आप्पा! ओ आप्पा! दोरी तुटली!"

पाठ जागची हलली नाही. पुढची दोघं रोहूपायी बहिरी झालेली. आता आप्पांनी घातलेला नियम आप्पा मोडणार नाहीत, एवढं मी त्यांना ओळखत होते. शेगडी पेटलेली आहे तोवर हा माणूस मागं बघायचा नाही. मी त्या मोठ्या उलथण्यानं पाणी मारायला लागले, तर काहील आणखी जोरात फिरायला लागली. एका फेरीला बोट दिसे, एका फेरीला नुसतं पाणी. मला हसूही येत होतं आणि रडूही. मधे कालवण उतू जाईल म्हणून उलथणं टाकून ते ढवळलंसुद्धा. बाकी काय होईल ते होवो, पण ते लागू द्यायचं नव्हतं.

बोट चांगली लांब गेली. मग मला दिसलं, की आप्पांची मान जरा वर झाली. त्यांनी इकडं तिकडं तोंड केलं, थोडं थांबले, आणि एकदम पूर्ण मागं वळले.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. ज्या हाताला जोर राहिला नाही म्हणून आम्ही हळहळत होतो, त्या हातानं सुकाणू असं फिरवलं की नवरा रोहूसकट आडवा झाला आणि रोहू पाण्यात गेला. "मांडव वढ!" असा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत आला. वाऱ्याविरुद्ध सरळ येता येत नाही, म्हणून ते एकदा या काठाकडं, एकदा त्या काठाकडं असे वळणं घेत येत राहिले. दर वळणाला आप्पा ओरडत होते, "बस खाली, पोरी! हलू नगंस!" मुलगी गेलेल्या रोहूसाठी रडत होती आणि माझ्यासाठीही रडत होती, बहुतेक याच क्रमानं.

जवळ आल्यावर काहिलीची कडी कुणी धरली? आप्पांनी. मी "नको आप्पा, मासळी हाय," म्हणेपर्यंत त्यांनी दोन्ही हातांनी काहील ओढून बोटीला भिडवली होती आणि माझं मनगट धरून मला वर घेतलं होतं. त्यांच्या हातांना खवले चिकटले. त्यांनी हात भीमेत बुडवले, उपरण्याला पुसले आणि खाली बसले. नवऱ्याने वितळून गोळा झालेलं दोरीचं टोक वर धरून मला दाखवलं आणि शहाणपणाने लगेच खिशात घातलं.

मग मला राग आला. भीती गेली की मला राग येतो, तो माझा स्वभाव आहे.

"आप्पा, घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. ऐकू आल्या न्हाईत व्हय तुम्हाला?"

"आल्या की."

"मग?"

"तुझं वरडणं रोजचंच हाय, सूनबाई. म्हटलं मीठ सांडलं आसंल."

"मग वळलात कशापायी?"

आप्पांनी सुकाणू उगाच थोडं हलवलं, पाण्याकडं बघितलं. चोरी पकडलेल्या पोरासारखं त्यांचं तोंड झालं.

"वास यायचा बंद झाला," ते म्हणाले.

नवरा डोलकाठीला धरून उभा होता, त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. फिरणारा वारा, न धरवणारं सुकाणू, घटकेघटकेला वळणारं बोटीचं नाक, सगळं एका क्षणात लख्ख झालं. मला जोराचं हसू फुटलं. आप्पांनी उपरणं तोंडाला लावलं. पण त्यांचे डोळे भरले होते हे मी पाहिलं. त्यानंतर दोन दिवस शेगडी पेटली की मीच ओरडायचे, "अहो, राहू द्या बोट सरळ!" आणि आप्पा पाठ करून बसायचे, अगदी नियमाने.

परतीच्या दिवशी दौंडच्या अलीकडं काठाला लागलो, तर तिथं बोट न्यायला आणलेल्या आमच्या पिकअपशेजारी नणंद उभी. ती आधी मांडवगणला जाऊन आली होती. हातात आप्पांची पिशवी, तीत धोतरं, बंड्या, औषधं, सगळं घडी घालून. मी सकाळचं उरलेलं कालवणाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून तशीच उभी राहिले.

"आप्पा, किती काळवंडलात!" ती म्हणाली. "लई तरास झाला आसंल वासाचा. चला, गाडी आणलीया."

आप्पा काठावरच्या दगडावर बसले. आधी त्यांनी तिला जवळ बसवलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुझ्याकडं समदं झ्याक हाय गं. खोली हाय, जावई सोन्यासारखा हाय. मी यीन चार दिस. राहायला न्हाई."

"का पर?"

आप्पांनी माझ्या हातातल्या पातेल्याकडं बोट केलं. "त्यो तुझ्या आईचा मसाला हाय. त्यो शिजतो तवा ती चुलीपुढं बसलेली असती. मी पाठ करून बसतो आन् तिच्यासंगं बोलतो. वरवंडला मी कुणाकडं पाठ करून बसू?"

नणंद उठली, माझ्यासमोर आली आणि पातेल्यावरचं झाकण तिनं स्वतःच्या हाताने काढलं. लग्न झाल्यापासून तिनं मासळीच्या भांड्याला हात लावलेला नव्हता. ती वाकली, डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली.

"खोबरं जास्त भाजलंय, वैनी," ती म्हणाली. "आईबी जास्तच भाजायची."

"झाक ते आता," आप्पा दगडावरून म्हणाले. "निवंल."

तिनं झाकण ठेवलं. तिच्या हातातली पिशवी मी घेतली आणि आमच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर ठेवली, मासळीच्या भांड्यांपासून लांब.